लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी अंगाला बसणारी सायकल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामान लादून अनेक दिवसांचा प्रवास करण्यासाठी जे पहिल्यांदाच सायकल निवडत आहेत, तसेच हाताशी असलेल्या सायकलवर दोन-तीन तासांनंतर ज्यांना अवघडल्यासारखे होते, अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांना समोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. किमतीचा किंवा ब्रँडचा विचार येथे जवळजवळ केलेला नाही. शरीर, सायकल आणि ओझे या तिघांचा मेळ कसा जमवायचा, एवढाच येथील विषय आहे.

लांबच्या प्रवासाला 'टूरिंग' अशी खास सायकलच लागते का?

लागतेच असे नाही. जिच्यावर दिवसाकाठी पाच-सहा तास बसता येते, जिच्यावर सामान सुरक्षितपणे लादता येते आणि त्या सामानासह जी चढ चढू शकते ती प्रवासाची सायकल, मग विक्रेत्याच्या यादीत तिचे वर्गीकरण काहीही केलेले असो. टूरिंगसाठी म्हणून बनवलेल्या सायकलीत या तिन्ही गोष्टींची सोय आधीच केलेली असते. तिच्या दोन चाकांमधले अंतर जास्त असल्यामुळे ती ओझ्याखालीही सरळ धावते. क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्याच्या, आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणारी नळी, जिला चेनस्टे म्हणतात, साधारण ४३ ते ४६ सेंटीमीटर लांब ठेवलेली असते. हँडल तुलनेने उंच असते, कॅरिअर, मडगार्ड आणि बाटल्या बसवण्यासाठी फ्रेमवर आट्यांची भोके असतात आणि रुंद टायर मावेल इतकी मोकळी जागा पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यात व मागच्या नळ्यांमध्ये सोडलेली असते.

मोठ्या प्रवासाची सायकल दणकट हवी आणि दणकट म्हणजे जड, हा समज मात्र फार जुना आहे आणि तितकाच दिशाभूल करणारा आहे. ॲनी लंडनडेरी या नावाने ओळखली जाणारी प्रवासी १८९४ मध्ये बॉस्टनहून जगप्रवासाला निघाली, तेव्हा तिच्याकडे सुमारे १९ किलोची, खास महिलांसाठी बनवलेली सायकल होती. शिकागोला पोहोचल्यावर तिने ती बाजूला ठेवली आणि जवळपास निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेऊन पुढचा प्रवास केला.

निवड करताना सर्वांत आधी काय पाहावे?

जे नंतर बदलता येत नाही ते आधी पाहावे. सीट बदलता येते, हँडल बदलता येते, स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा), टायर, पेडल, एवढेच काय गिअरसुद्धा बदलता येतात. परंतु फ्रेमची उंची, तिची लांबी, नळ्यांचे कोन, टायरसाठी सोडलेली जागा आणि कॅरिअर बसवण्याच्या जागा या गोष्टी कारखान्यातून जशा आल्या तशाच राहतात. दुकानात आपले लक्ष नेमके उलट दिशेने जाते. रंग, गिअरचा डबा आणि ब्रेकवर छापलेले नाव हे डोळ्यांना आधी दिसते, तर फ्रेमच्या लांबीतला दोन सेंटीमीटरचा फरक डोळ्यांना दिसतच नाही. तो कळतो चौथ्या तासाला, खांद्यांना आणि मनगटांना.

म्हणून दोन सायकलींमध्ये निवड करायची झाल्यास, जिची फ्रेम बरोबर मापाची आहे पण सुटे भाग साधे आहेत ती घ्यावी. उत्तम सुटे भाग लावलेली चुकीच्या मापाची सायकल कितीही स्वस्त मिळाली तरी ती महागच पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या उंचीला कोणत्या मापाची फ्रेम योग्य?

केवळ उंचीवरून याचे उत्तर देता येत नाही, कारण एकाच उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब आणि धड आखूड असू शकते, तर दुसऱ्याचे नेमके उलट असू शकते. उत्पादकांच्या उंचीवर आधारलेल्या तक्त्याचा उपयोग दोन मापे निवडून बाकीची वगळण्यापुरता करावा आणि मग आपली स्वतःची मापे घ्यावीत.

पहिले माप पायाच्या आतल्या बाजूचे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पायांत सुमारे १५ सेंटीमीटर अंतर ठेवून उभे राहावे. एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांच्या मध्ये उभे धरून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब जाणवतो तेवढ्या जोराने वर दाबावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून तरी मोजून घ्यावे. पँटच्या मापावरून हे अंतर ठरवू नये, ते बहुधा काही सेंटीमीटरने कमी भरते.

दुसरी बाब फ्रेमची. 'चोपन्न' किंवा 'मीडियम' असे फ्रेमचे माप वाचून फारसे काही समजत नाही, कारण कोणी सीटच्या नळीची लांबी क्रँकच्या आसापासून नळीच्या टोकापर्यंत मोजतो, कोणी आडव्या नळीपर्यंत, तर कोणी प्रत्यक्षात नसलेल्या, काल्पनिक आडव्या नळीपर्यंत. तुलना करण्यासाठी स्टॅक आणि रीच ही दोन मापे विश्वासार्ह आहेत. क्रँकच्या आसापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची हा स्टॅक आणि त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर हा रीच. स्टॅक जितका जास्त तितके हँडल सहजपणे वर आणता येते आणि रीच जितका कमी तितके ते शरीराच्या जवळ येते. सध्या ज्या सायकलवर आपण निर्धास्त बसता तिची ही दोन मापे टेप, ओळंबा आणि थोडा धीर यांच्या मदतीने घरीच काढता येतात. नव्या सायकलची उत्पादकाने दिलेली मापे त्यांच्या शेजारी लिहिली की निम्मा गोंधळ मिटतो.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. हँडलची नळी तिरपी असल्याने स्टेमखाली चकत्या घालून हँडल जसे वर न्यावे तसे ते मागेही येते, दर १० मिलिमीटर उंचीमागे अंदाजे ३ मिलिमीटर. त्यामुळे स्टॅक वेगवेगळा असलेल्या दोन फ्रेमचे रीच थेट ताडून पाहू नयेत. कमी स्टॅकच्या फ्रेमला चकत्या घालून दोन्ही हँडल एकाच उंचीवर आणल्यावर किती रीच उरतो, ते पाहावे.

आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर वर किती जागा उरते, हीच परीक्षा पूर्वी प्रमाण मानली जात असे. सरळ आडव्या नळीच्या फ्रेमसाठी ती अजूनही उपयोगी आहे आणि तेथे किमान दोन-तीन सेंटीमीटर मोकळे राहावेत. तिरप्या नळीच्या फ्रेममध्ये मात्र ही परीक्षा जवळजवळ कोणतीही सायकल उत्तीर्ण होते, त्यामुळे तिच्यावरून मापाचा निर्णय करू नये.

दोन मापांच्या मध्ये अडकल्यास मोठे घ्यावे की लहान?

शर्यतीच्या सायकलसाठी लहान माप घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. प्रवासासाठी मी बहुधा उलटे सांगेन. मोठ्या मापात स्टॅक जास्त मिळतो, हँडल उंच ठेवण्यासाठी चकत्यांचा मनोरा रचावा लागत नाही आणि फ्रेमच्या आतील त्रिकोणात बाटल्यांना व बॅगेला जागा राहते. रीच थोडा जास्त झाल्यास एक-दोन सेंटीमीटर आखूड स्टेम लावून तो भरून काढता येतो. मात्र ज्यांचे पाय लांब आणि धड आखूड आहे त्यांनी मोठ्या मापाचा रीच आधी तपासावा, कारण त्यांना उंची हवी असते पण लांबी सोसत नाही. अशा शरीरासाठी एकाच उत्पादकाच्या दोन मापांत अडकून राहण्यापेक्षा जास्त स्टॅक आणि कमी रीच देणारी वेगळी फ्रेम शोधणे श्रेयस्कर.

सीटची उंची कशी ठरवावी?

सुरुवात टाचेच्या रीतीने करावी. भिंतीचा किंवा मित्राचा आधार घेऊन सीटवर बसावे, पेडल सर्वांत खाली आणावे, सीटच्या नळीच्या रेषेत ठेवावे आणि त्यावर टाच टेकवावी. त्या वेळी गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग नेहमीप्रमाणे चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात योग्य तेवढी वाक आपोआप येते. आकड्यांनी सुरुवात करायची असेल तर पायाच्या आतल्या मापाला ०.८८३ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे क्रँकच्या आसापासून सीटच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. ८० सेंटीमीटरच्या पायासाठी ते सुमारे ७०.६ सेंटीमीटर येते. शर्यतपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाशी जोडला गेलेला हा गुणक सर्वांना तंतोतंत लागू पडत नाही. बुटाच्या तळव्याची जाडी, क्रँकची लांबी आणि पेडल मारताना टाच खाली राहते की वर, यांनुसार तो एखाद्या सेंटीमीटरने इकडेतिकडे होतो.

कोणत्याही रीतीने सुरुवात केली तरी खरी कसोटी एकच आहे. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा पूर्ण सरळ स्थितीपासून साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला असावा आणि मागून पाहणाऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसू नये. गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखत असेल तर बहुधा सीट खाली किंवा फार पुढे आहे आणि मागच्या शिरांत ताण येत असेल तर ती बहुधा वर किंवा फार मागे आहे. बदल करताना एका वेळी तीन-चार मिलिमीटरच करावा आणि त्याचा परिणाम कळेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नये.

सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी. तसे टेकत असतील तर सीट नक्कीच खाली आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभे राहण्याची सवय काही दिवसांत होते.

सीट पुढे-मागे किती सरकवावी?

क्रँक आडवा ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पेडलच्या आसावर यावा, हा प्रचलित नियम आहे. सुरुवातीला तो सोयीचा आहे, पण त्यामागे शरीरशास्त्राचा भक्कम आधार नाही. प्रवाशाच्या दृष्टीने तोलाची परीक्षा अधिक उपयोगी पडते. सपाट रस्त्यावर नेहमीच्या जोराने पेडल मारत असताना हात हँडलवरून क्षणभर किंचित उचलावेत. धड लगेच पुढे कोसळत असेल तर शरीराचा भार हातांवर आहे आणि सीट थोडी मागे न्यायला हवी. हे अनेकांना उलटे वाटते, कारण सीट मागे नेल्याने हँडल दूर जाते. परंतु कंबर पायांच्या मागे गेली की धडाचा तोल पायांवर येतो आणि मनगटे मोकळी होतात.

सीटच्या नळीचा कोन येथेच महत्त्वाचा ठरतो. सीटची उंची ७० सेंटीमीटर धरली तर या कोनात एका अंशाचा फरक पडला की सीट सुमारे १२ मिलिमीटर पुढे किंवा मागे जाते. ७२ अंशांच्या नळीवर आरामात बसणाऱ्याला ७४ अंशांच्या नळीवर तीच बैठक मिळवण्यासाठी मागे वळलेली सीटपोस्ट, म्हणजे सीट जिच्यावर बसते ती दांडी, लावावी लागेल. चामड्याच्या काही सीटच्या खालच्या दांड्या आखूड असल्याने त्या मागेपुढे कमी सरकतात, हेही आधीच पाहून ठेवावे.

सीट सपाटच ठेवावी. पुढचे टोक फार तर एक-दोन अंश खाली चालते. त्याहून जास्त खाली केले की शरीर पुढे घसरत राहते आणि ते रोखण्याचे काम हातांना करावे लागते.

मऊ, जाड गादीची सीट अधिक आरामदायक नसते का?

पहिला अर्धा तास असते. नंतर बैठकीची दोन हाडे त्या गादीत रुततात, त्यांच्यामधला फोम वर फुगतो आणि जेथे दाब मुळीच नको तेथे, नसा आणि रक्तवाहिन्या असलेल्या मऊ भागावर, तो दाब येतो. लांब अंतरासाठी थोडी कडक पण योग्य रुंदीची सीट बरी, कारण तिच्यावर भार हाडे पेलतात. पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा कडक बाकावर ठेवून त्यावर किंचित पुढे झुकून बसले की हाडांचे दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजावे आणि त्याहून किमान दोन-तीन सेंटीमीटर रुंद सीट निवडावी. जितके ताठ बसणे, तितकी सीट रुंद हवी.

ब्रुक्स कंपनीची बी१७ ही ताणलेल्या चामड्याची सीट शंभराहून अधिक वर्षे बनत आली आहे आणि प्रवाशांमध्ये आजही टिकून आहे. हे चामडे वापराने बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे आकार घेते. पण त्याला पावसापासून जपावे लागते, अधूनमधून ताण द्यावा लागतो आणि ती सर्वांनाच मानवते असेही नाही. ज्यांना मधल्या भागात बधिरपणा येतो त्यांनी मध्ये खाच असलेली सीट वापरून पाहावी. बधिरपणा येणे हे 'सवय होईल' म्हणून सोडून देण्याचे लक्षण नव्हे. दोन-तीन दिवसांत कमी होणारा हाडांचा ठणका ही सवय होण्याची बाब आहे, पण बधिरपणा आला की उंची, कल किंवा सीट यांपैकी काहीतरी बदलायलाच हवे. चांगली चड्डी, म्हणजे आतून शिवण न लागणारी पॅडची चड्डी, जाड गादीपेक्षा अधिक उपयोगाची असते.

हँडल वळलेले घ्यावे की सरळ?

दोन्ही चालतात, पण प्रवासात एका गोष्टीला पर्याय नाही, ती म्हणजे हातांना जागा बदलता आली पाहिजे. उत्तमात उत्तम बैठकसुद्धा तासन्‌तास तशीच धरून ठेवली तर छळू लागते. खाली वळलेल्या हँडलवर माथा, कोपरे, ब्रेकचे दांडे आणि खालचा वळसा अशा किमान तीन-चार जागा मिळतात आणि वाऱ्याविरुद्ध खाली झुकता येते. मात्र ही सोय लाभण्यासाठी खालच्या वळशावरही काही मिनिटे आरामात राहता आले पाहिजे. ज्यांचे खालचे वळसे नुसते शोभेसाठी उरतात, त्यांचे हँडल फार खाली किंवा फार दूर आहे असे समजावे. प्रवासाला हँडलचा माथा सीटच्या पातळीला किंवा तिच्या थोडा वर असण्यात कमीपणा काहीच नाही.

सरळ हँडल ओबडधोबड वाटेवर आणि दाट वाहतुकीत अधिक ताबा देते, पण हातांना एकच जागा देते. त्याच्या टोकांना शिंगे लावली की दुसरी जागा मिळते. फुलपाखराच्या आकाराचे हँडल हा तिसरा पर्याय आहे. ते दिसायला विचित्र असले तरी जागा भरपूर देते. एक सावधगिरी बाळगावी. सरळ हँडलसाठी आखलेल्या फ्रेमचा रीच मुळातच जास्त असतो, कारण वळलेल्या हँडलसारखी पकड त्यात पुढे जात नाही. अशा फ्रेमवर वळलेले हँडल चढवले की हात फार दूर पोहोचवावे लागतात. वळलेल्या हँडलची रुंदी साधारण खांद्यांच्या हाडांमधल्या अंतराइतकी घ्यावी.

हाताची बोटे बधिर होतात. काय करावे?

कोणती बोटे, ते आधी पाहावे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या बाजूने जाणारी अल्नर नस दाबली जात आहे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर मनगट मागे वाकून मधली, म्हणजे मीडियन नस आवळली जात आहे. पहिल्या बाबतीत तळहातावरचा भार कमी करावा, म्हणजे सीट सपाट करावी, थोडी मागे न्यावी आणि हँडल वर किंवा जवळ आणावे. दुसऱ्या बाबतीत ब्रेकच्या दांड्यांचा कोन बदलून मनगट कोपराच्या रेषेत आणावे. हँडलवर गुंडाळलेली जाड पट्टी आणि हातमोजे मदत करतात, पण बैठक न सुधारता केवळ त्यांवर विसंबू नये. मान आणि खांदे दुखण्याचे कारणही बहुतेक वेळा तेच, म्हणजे हँडल खाली किंवा दूर असणे, हेच असते. बधिरपणा प्रवास संपल्यावरही टिकून राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

कमी उंचीच्या व्यक्तींनी कशाकडे विशेष लक्ष द्यावे?

हा वर्ग सायकल उद्योगाकडून सर्वांत उपेक्षित राहिलेला आहे. फ्रेम लहान केली तरी चाके तीच मोठी ठेवली की रीच पुरेसा कमी होत नाही, हँडल वर राहते आणि वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते. मडगार्ड बसवल्यावर ते आणखी लागते. सावकाश चालीने, सामानासह, चढावर वळताना असे झाले तर पडण्याची शक्यता असते. साधारण १६० सेंटीमीटरहून कमी उंचीच्या व्यक्तींनी म्हणून ६२२ मिलिमीटरऐवजी ५८४ किंवा ५५९ मिलिमीटर रिमच्या चाकांची सायकल आवर्जून पाहावी. त्याबरोबर १६५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड क्रँक, बोटांच्या जवळ आणता येणारे ब्रेकचे दांडे आणि अरुंद हँडल यांचाही विचार करावा. क्रँक ५ मिलिमीटरने आखूड केला तर सीट तितकीच वर घ्यावी लागते, हे विसरू नये.

'महिलांची सायकल' या पाटीवर मात्र विसंबू नये. शरीराची मापे आणि फ्रेमची मापे जुळली की पाटीला अर्थ उरत नाही. फक्त सीटच्या रुंदीचा विचार स्वतंत्रपणे करावा.

गिअर किती हवेत?

किती हवेत यापेक्षा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हे विचारावे. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते, ते पुढच्या चक्रीच्या दात्यांना मागच्या चक्रीच्या दात्यांनी भागून आणि चाकाच्या परिघाने गुणून कळते. परिघ सुमारे २.२ मीटर धरला तर ३४ आणि २८ दात्यांच्या जोडीत एका फेऱ्याला २.६७ मीटर अंतर पडते, तर २२ आणि ३४ च्या जोडीत १.४२ मीटर. मिनिटाला ६० फेरे ही सावकाश पण गुडघ्यांना सोसणारी गती मानली, तर पहिल्या जोडीला ताशी ९.६ किलोमीटर वेग ठेवावाच लागतो आणि दुसरीला ताशी ५.१ पुरतो.

आता स्वार ७० किलो, सायकल १५ किलो आणि सामान २० किलो असे १०५ किलो ओझे आठ टक्के चढावर न्यायचे आहे असे समजू. केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी पहिल्या वेगाला सुमारे २२० वॅट लागतात, दुसऱ्याला सुमारे ११७. दोनशेवीस वॅट तासभर देत राहणे कसलेल्या सायकलपटूंना जमते, पण सर्वसाधारण प्रवाशाचे पाय त्यात थकून जातात आणि गुडघे दुखू लागतात. म्हणून एका फेऱ्याला दीड मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी अंतर देणारा गिअर असावा, असा आग्रह मी धरतो. वरच्या टोकाचा जड गिअर नसला तरी प्रवाशाचे काही अडत नाही, उतारावर पेडल न मारता बसून राहता येते.

ही गरज प्रवाशांना शर्यतपटूंच्या आधी कळली होती. वेलोसिओ या टोपणनावाने लिहिणारे फ्रान्समधील पॉल द व्हिवी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अनेक गिअरचा पुरस्कार करत होते, तर टूर द फ्रान्स शर्यतीत डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारे, गिअर वापरण्यास १९३७ मध्ये परवानगी मिळाली. चिखल-धुळीचा प्रवास असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर चाकाच्या तुंब्यात, म्हणजे आसाभोवतीच्या मधल्या भागात, बंद असलेले गिअरही उपलब्ध आहेत. रोलॉफ कंपनीच्या १४ गिअरच्या तुंब्यात सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गिअरमधले प्रमाण १ ला ५.२६ आहे.

टायर किती रुंद असावेत?

डांबरी रस्त्यासाठी ३२ ते ४० मिलिमीटर आणि कच्च्या रस्त्यासाठी ४० ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर बहुतेकांना पुरतात. रुंद टायरमध्ये हवा कमी दाबाने भरता येते आणि रस्त्याचे हादरे हात व पाठीपर्यंत पोहोचण्याआधीच विरतात. आरामासाठी याहून स्वस्त उपाय नाही. टायरच्या बाजूला छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तेवढी हवा भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. मागच्या चाकावर भार जास्त असल्याने त्यात हवाही थोडी जास्त ठेवावी.

टायर विकत घेताना इंचांवर विश्वास ठेवू नये. '२८ इंची' या नावाखाली ६२२ आणि ६३५ मिलिमीटर अशा दोन वेगळ्या रिम येतात, '२६ इंची' या नावाखाली ५५९ आणि ५९० येतात, तर '७००सी' आणि '२९ इंची' ही दोन्ही नावे ६२२ चीच आहेत. टायरवर '३७-६२२' अशी जोडी छापलेली असते. त्यातील पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, आणि हा दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे.

मागच्या चाकाला ३६ स्पोक असलेले बरे, विशेषतः वजनदार स्वार आणि जड सामान असल्यास. स्पोक तुटतात ते बहुतेक मागच्या चाकाचे आणि चेनच्या बाजूचे.

फ्रेम स्टीलची घ्यावी की ॲल्युमिनियमची?

दोन्हींतून उत्तम आणि वाईट सायकली बनतात. स्टीलची फ्रेम दुरुस्त करता येते आणि ओझ्याखाली तिचे वागणे बहुधा सुखद असते. ॲल्युमिनियमची हलकी आणि ताठ असते. आरामातला फरक मात्र धातूपेक्षा टायरच्या रुंदीने कितीतरी जास्त पडतो.

पुढे सस्पेन्शन हवे का?

सर्वसाधारण रस्त्यांना नको. त्याने वजन वाढते, त्यावर कॅरिअर बसवणे अवघड जाते आणि देखभालीचे आणखी एक काम मागे लागते. सतत दगडाळ वाटांवरून जायचे असेल तरच त्याचा विचार करावा.

डिस्क ब्रेक आवश्यक आहेत का?

आवश्यक नाहीत, पण पावसात आणि लांब उतारांवर ते निश्चितच सरस ठरतात, शिवाय त्यात रिम झिजत नाही. तारेचे डिस्क ब्रेक वाटेत दुरुस्त करणे सोपे, तर तेलाच्या दाबावर चालणारे बोटांना हलके लागतात. लहान हातांच्या किंवा मनगट दुखणाऱ्या व्यक्तींना हा हलकेपणा फार उपयोगी पडतो.

सामान लादल्यावर बैठक बदलते का?

बैठक बदलत नाही, पण सायकल बदलते. मागे सगळे ओझे टाकले की पुढचे चाक हलके होते आणि उताराला हँडल थरथरू शकते. थोडे ओझे पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, आसाच्या पातळीजवळ टांगले की ती स्थिर होते. टाच बॅगेला लागते का, हे स्वतःचे बूट घालून तपासावे, विशेषतः पाय मोठा असल्यास. लागत असेल तर बॅग कॅरिअरवर मागे सरकवावी, आणि कॅरिअर तेवढे मागे जात नसेल तर चेनस्टे आखूड आहे असे समजून फ्रेमचाच पुनर्विचार करावा. जुनी किंवा वापरलेली सायकल प्रवासासाठी घेताना कॅरिअरच्या आट्या, टायरची मोकळी जागा आणि ही टाचेची जागा, या तीन गोष्टी किमतीची बोलणी करण्याआधी पाहाव्यात.

घेण्याआधी चालवून कशी पाहावी?

सीटची उंची आधी जुळवून घ्यावी, ती न जुळवता मारलेल्या फेरीतून काहीच समजत नाही. मग निदान अर्धा-पाऊण तास चालवावी. चढ चढावा, पेडलवर उभे राहून पाहावे, एक हात सोडून मागे वळून पाहावे, अगदी हळू वेगात वळावे. शक्य असल्यास बॅगांमध्ये पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवून तोच रस्ता पुन्हा करावा. रिकाम्या सायकलचा चपळपणा सामानासह बऱ्याचदा चंचलपणा ठरतो. विक्रेता एवढा वेळ द्यायला तयार नसेल, तर त्याच मापाची सायकल ज्याच्याकडे आहे असा परिचित शोधावा.

बैठक जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जाणे योग्य आहे का?

जुनी दुखापत, दोन पायांच्या लांबीतला फरक किंवा सर्व उपाय करूनही न जाणारे दुखणे असल्यास जरूर जावे. इतरांनी वरील क्रमाने काही आठवडे स्वतः प्रयत्न करावा. जाताना आपल्याला दिवसभर, सामानासह, मध्यम वेगाने चालवायचे आहे हे स्पष्ट सांगावे, नाहीतर शर्यतीची बैठक मिळण्याचा संभव असतो. आणि शक्य झाल्यास सायकल घेण्याआधी जावे, म्हणजे फ्रेम निवडतानाच त्या मापांचा उपयोग होईल.

सायकल सुटी करून नेल्यावर तीच बैठक परत कशी मिळवावी?

चार मापे लिहून ठेवावीत. क्रँकच्या आसापासून सीटच्या पृष्ठभागापर्यंतची उंची, सीटच्या टोकापासून सोडलेला ओळंबा आणि क्रँकचा आस यांमधले अंतर, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचे अंतर, आणि सीट व हँडल यांच्या जमिनीपासूनच्या उंचीतला फरक. सीटचा कल मोबाइलमधल्या पातळीमापकाने घेता येतो. याशिवाय सीटपोस्टवर नळीच्या तोंडाशी चिकटपट्टीचा एक वळसा द्यावा आणि हँडल सोडण्याआधी स्टेमवर व हँडलवर समोरासमोर खूण करावी. लहानशी मोजपट्टी अवजारांच्या पिशवीतच असू द्यावी.